कंपनीचं नवीन नाव ऐकून आई म्हणाली, सर्दीचं औषध आहे का रे हे?

फेज३_वाला
नमस्कार मंडळी. कंपनीचं नाव सांगत नाही, ईएमआय चालू आहे. आमचा अख्खा विभाग मूळ कंपनीतून वेगळा काढलाय आणि गेल्या सोमवारी टाऊनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये, नवीन नाव जाहीर केलं. नाव म्हणजे कुठल्या तरी दोन शब्दांचे तुकडे जोडलेत, आणि त्याचा अर्थ समजवायलाच सात स्लाइडी. तिसऱ्या मिनिटाला कॉलवरचं चॅट बंद करावं लागलं, कारण कोणीतरी "हे फायनल आहे की अजून टेस्टिंगला आहे?" असं टाकलं आणि त्यावर चारशे हसणारे इमोजी आले. गेटवरचा सिक्युरिटीवाला आता आम्हाला "ते टी-शर्टवाले" म्हणतो, नाव त्याच्याही तोंडात बसत नाही.
खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. सात वर्षं बायोडेटात जुनं नाव होतं, ते वाचूनच समोरचे अर्धे खूश व्हायचे. आता काय लिहू? तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का, आणि सवय होते का हो अशा नावाची?

ठाणेकर_६४
होते पण आणि नाही पण. २०१२ ला क्राफ्ट फूड्सची दोन शकलं झाली, अमेरिकेतला किराणा एकीकडे आणि जगभरचा चॉकलेट-बिस्किटांचा धंदा दुसरीकडे. दुसरीचं नाव मॉन्डेलीझ. गंमत म्हणजे ते कुठल्या महागड्या एजन्सीने नाही, कर्मचाऱ्यांनीच सुचवलेलं, हजारावर लोकांनी मिळून सतराशेच्या वर नावं पाठवली होती आणि त्यातून व्हिएन्नातल्या एकाचं आणि इलिनॉयमधल्या एकाचं अशी दोन सुचवणी जोडून हे बनवलं. आणि जाहीर झाल्यावर बातमी आली की रशियन माणसाच्या कानाला त्यात काहीतरी भलतंच ऐकू येतं! २०१४ मध्ये आपल्याकडच्या कॅडबरी इंडियाचंही नाव बदललं. पण ठाण्यात येऊन रिक्षावाल्याला मॉन्डेलीझ म्हणून बघा, तो तुमच्याकडेच बघेल. कॅडबरी जंक्शन म्हणा, दोन मिनिटांत सोडेल. तेव्हा बायोडेटात जुनंच लिहा आणि गप्प बसा.

सर्व्हररूम
आयबीएमने इन्फ्रास्ट्रक्चर सर्व्हिसेसचा, म्हणजे इतर कंपन्यांचे सर्व्हर-नेटवर्क सांभाळण्याचा धंदा वेगळा काढला ते आठवतंय का कोणाला? एप्रिल २०२१ मध्ये नाव आलं किंड्रिल, नोव्हेंबरमध्ये कंपनी वेगळी झाली, जगभरची नव्वद हजाराच्या आसपास माणसं एका फटक्यात नव्या नावाखाली. अर्थ काय तर किनशिपमधला किन, म्हणजे नातं, आणि टेंड्रिलमधला पुढचा तुकडा, म्हणजे काकडीचा वेल मांडवाला धरायला जो कोवळा तंतू सोडतो ना, तो. कल्पना वाईट नाहीये खरं तर, पण नाव कानावर पडल्यावर वेल कोणाला दिसतो, ड्रिल मशीनच आठवते. नेटवर तेव्हा यथेच्छ चेष्टा झाली.
पण माझं म्हणणं असं की राग नावाचा नसतोच. आयबीएम म्हटलं की सोसायटीत कोणी पुढे विचारत नाही, सासरे विचारत नाहीत, बँकवाला लोनच्या फॉर्मवर कंपनीचं नाव बघून मान डोलावतो. ते तीन अक्षरांचं वजन काढून घेतलं आणि हातात एक स्पेलिंग ठेवलं, दुखतं ते हे. उद्या त्याच जागी अगदी सुंदर नाव ठेवलं असतं तरी लोकांनी शिव्याच घातल्या असत्या.

अनुस्वार
अर्धं पटलं सर्व्हररूम, अर्धं नाही. नाव खरंच वाईट असू शकतं 😀 मी ट्रेडमार्कचं काम करते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. अर्थ असलेले, सोपे, छान शब्द आधीच कोणीतरी नोंदवून ठेवलेले असतात, डॉट कॉमही गेलेलं असतं. त्यात मूळ कंपनी जुनं नाव सहसा थोडाच काळ वापरू देते. मग उरतं काय, तर जोडाक्षरांची भेळ. आणि साधा शब्द घेतला तरी सुटका नाही. २००२ मध्ये पीडब्ल्यूसी या ऑडिट कंपनीने आपला कन्सल्टिंगचा धंदा वेगळा काढायचा ठरवला आणि त्याला नाव दिलं "मंडे". सोमवार! जूनमध्ये जाहीर केलं, लोक हसून हसून दमले, आणि जुलैअखेरीस आयबीएमने तो धंदाच विकत घ्यायचं जाहीर केलं, नाव गेलं बासनात.
उलट उदाहरण ॲक्सेंचर. ती आधी अँडरसन कन्सल्टिंग होती, आर्थर अँडरसन या ऑडिट कंपनीची भावंड; दोघी वेगळ्या झाल्या तेव्हा लवादाच्या निकालानंतर तिला जुनं नाव सोडावंच लागलं, मग ऑस्लोतल्या एका कर्मचाऱ्याने सुचवलेलं हे नाव १ जानेवारी २००१ पासून लागलं. तेव्हा त्यालाही नाकं मुरडलीच लोकांनी. वर्षभरात एन्रॉनचा हिशेबातला घोटाळा फुटला आणि त्यांची ऑडिटर आर्थर अँडरसन ज्या चिखलात गेली तो बघून ॲक्सेंचरवाल्यांनी देवापुढे नारळ फोडला असेल की बरं झालं आपल्या पाटीवर ते नाव नाही.

पोहे_विथ_शेव
ईनो, क्रोसिन, आयोडेक्स ज्या कंपनीचे आहेत ती २०२२ मध्ये जीएसके या औषध कंपनीमधून वेगळी झाली, नाव हेलिऑन. आमच्या मेडिकलवाल्याला विचारलं, तो म्हणाला लिहून आणा, मागवतो. तुमच्या आईचं फार काही चुकलं नाही.

पगारपत्रक
चेष्टा राहू द्या, एक कामाचं ऐका. नाव काहीही ठेवू देत, एचआरकडून लेखी पत्र घ्या की तुमची सर्व्हिस जुन्या जॉइनिंग तारखेपासून सलग धरली जाईल. डिमर्जरच्या, म्हणजे कंपनी वेगळी काढण्याच्या स्कीममध्ये बहुतेक वेळा असतं ते, पण कागद आपल्या फाइलला हवा, ग्रॅच्युइटी त्याच वर्षांवर मोजतात. पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो, फक्त नव्या कंपनीच्या नावाने पैसे जमा होतायत ना ते पासबुकात बघा. आणि जुन्या लेटरहेडवरचा सॅलरी स्लिपांचा गठ्ठा आत्ताच डाउनलोड करा, पोर्टल बंद झालं की कोणी विचारत नाही.

फेज३_वाला
धन्यवाद सगळ्यांना, पत्रासाठी आज मेल टाकला. बायोडेटाचं बाबांनी परस्पर मिटवलं. जुन्या कंपनीचं नाव ठळक अक्षरात, आणि खाली कंसात "सध्या त्यांचीच शाखा". मी म्हटलं बाबा शाखा नाहीये हो ती, वेगळी झाली. तर म्हणे मुलगाही लग्नानंतर वेगळा राहतो, आडनाव बदलतो का?