‘कॅथेटर’ला शलाका म्हणावे का?

प्रश्न : वडोदऱ्यातील मराठी ज्येष्ठांसाठी मी कानाच्या विकारांवर एक टिपण लिहीत आहे. नाकातून कॅथेटर हे बारीक, पोकळ साधन नेऊन घसा आणि कान यांना जोडणाऱ्या युस्टेशियन नळीचे आतून चित्रण करतात, त्या कॅथेटरला ‘नालशलाका’ म्हणावे का? ‘नळी बंद आहे’ हे वाक्यही योग्य आहे का?

उत्तर : शलाका म्हणजे भरीव काडी. अंजनाची शलाका आपल्याला ठाऊक आहेच, आणि कान, नाक, डोळे यांच्या उपचारांच्या शालाक्यतंत्राला तिचेच नाव मिळाले आहे. सुश्रुताने १०१ यंत्रे मोजताना २८ शलाकायंत्रे आणि २० नाडीयंत्रे वेगळी सांगितली, कारण नाडीयंत्र पोकळ असते. कॅथेटर नाडीच्या कुळातला आहे. मात्र त्याला ‘नळी’ म्हटले, तर ‘नळीत नळी’ असा घोटाळा होईल. म्हणून यंत्राला कॅथेटरच म्हणावे आणि अवयवाला कंठकर्णनलिका, म्हणजे तिची दोन्ही टोके नावातच कळतात.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुमारे ३६ मिलिमीटर लांबीची ही नलिका एरवी मिटलेलीच असते आणि गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. त्यामुळे ‘नळी बंद आहे’ हे निरोगी माणसाबद्दलही खरे ठरते आणि रुग्ण मात्र घाबरतो. डोळे मिटतात, ओठ मिटतात, तशी ती ‘मिटलेली’ असते. सुजून वाट अडली की ‘चोंदलेली’ म्हणावे, आणि सूज नसूनही वेळेवर उघडत नसेल तर तसेच स्पष्ट लिहावे. पावागडच्या रोपवेतून उतरताना माझी आई ‘दडे बसले ग’ म्हणून आवंढा गिळत असे आणि लगेच तिचा चेहरा मोकळा होई. तेव्हा लक्षणासाठी ‘दडे बसणे’ अवश्य लिहा. त्याच्याइतका नेमका शब्द कोशात मिळणार नाही.

प्रश्न : आभारी आहे. ‘इमेजिंग’ला छायाचित्रण चालेल का?

उत्तर : नको. या पद्धतीत कॅथेटरमधल्या प्रकाशतंतूतून प्रकाश आत सोडतात आणि नलिकेच्या भिंतीवरून परतणाऱ्या प्रकाशावरून तिचे आडवे छेद संगणकावर उमटतात; छायाचित्रण म्हटले की वाचकाला फोटो आठवेल. ‘छेदचित्रण’ शास्त्रदृष्ट्या अचूक आहे, पण ‘छेद’ वाचून रुग्णाला चिरफाड आठवते. आपण ‘आतून घेतलेले चित्रण’ असे लिहावे, आणि ही पद्धत अद्याप मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहे, हेही त्याच वाक्यात सांगावे.