मे महिन्याच्या सुट्टीत क्राबी की सुरत थानी?

रानवाट
दक्षिण थायलंडमध्ये चुनखडीची बेटं आणि सदाहरित जंगल दोन्ही बघायचं म्हटलं की आपल्याकडे सगळे क्राबीचं तिकीट काढतात. नोव्हेंबर ते एप्रिल ते योग्यच. पण आपल्या शाळांना सुट्टी मेमध्ये, आणि नेमका तेव्हाच क्राबीकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या अंदमान समुद्रावर नैर्ऋत्य मोसमी पाऊस उतरतो. माझं मत स्पष्ट आहे: मे-जूनमध्ये सुरत थानी प्रांत धरा. आंग थाँग सागरी उद्यानाची ४२ बेटं तिथलीच, खाओ सोकचं जंगल आणि चिओ लान जलाशयही तिथलाच. हा प्रांत पूर्वेला थायलंडच्या आखातावर आहे, आणि आखातातला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. मेमध्ये तिथल्या समुई बेटाकडचा समुद्र बराच शांत असतो. पश्चिमेकडची सिमिलान बेटं मात्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद.

खाडीकाठ
साफ असहमत. सिमिलान उघड्या समुद्रात आहे, फांग नगाची खाडी तशी नाही. ती उथळ आहे, पश्चिमेला फुकेतची आड आहे, काठाला खारफुटी. फी फी बेटांची स्पीडबोट रद्द होते त्या दिवशीही खाडीच्या आतल्या फेऱ्या बऱ्याचदा चालू असतात. क्राबीतच आओ लुएकजवळ बो थो धक्क्यावरून कयाक घेऊन खारफुटीतून थाम लोट गुहेत जाता येतं, तिथे लाटांचा संबंधच नाही. क्राबीतल्याच रायले किनाऱ्याला रस्ता नाही, बोटच लागते. पण आओ नांगच्या बाजूला समुद्र खवळला तर आओ नाम माओहून पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरवतात. ओहोटीला तिथे चिखल असतो, मागे पट्टा असलेल्या चपला घाला.

आणि खाओ सोक क्राबीहूनही अडीच-तीन तासांवर आहे. त्यासाठी समुई कशाला? खाओ सोकहून डोनसाक धक्का तीन-साडेतीन तास, पुढे दीड तास फेरी, चढउतार धरला तर अख्खा दिवस गेला.

उधाण
खाडीत जाणाऱ्यांनी पावसाआधी भरतीचं वेळापत्रक बघावं. तिथल्या बेटांच्या पोटात ‘होंग’ आहेत, म्हणजे छत कोसळून वर आभाळ उघडं झालेल्या गुहा, आत खारं पाणी आणि खारफुटी. आत शिरायला बोगदा असतो. पाणी फार चढलं तर बोगद्याचं छत पाण्याला टेकतं, फार उतरलं तर कयाक चिखलात रुतते. मधला वेळ थोडाच मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी झपाट्याने चढतं, म्हणून तो वेळ आणखी आखडतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, जरा निवांतपणा असतो. बोगद्यात कयाकमध्ये सपाट आडवं व्हावं लागतं. नाकापासून वीतभर वर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. हात बाहेर काढायचा नाही, छताला धरून स्वतःला ढकलायचं तर अजिबात नाही. ठरावीक घड्याळी वेळेला होंग दाखवतो म्हणणाऱ्याला विचारा, त्या दिवशी भरती किती वाजता आहे. उत्तर देता आलं नाही तर दुसरा शोधा.

डोंगरकडा
रानवाट, तुमच्या मांडणीत एक मोठी गफलत आहे. पाऊस टाळायला निघालात आणि खाओ सोक सुचवलंत, जो थायलंडच्या सर्वांत ओल्या भागांपैकी एक आहे. जलाशयापलीकडची नाम थालू गुहा ऑक्टोबर २००७ मध्ये अचानक आलेल्या पुरात आठ जणांचा जीव घेऊन गेली. ती ओढ्याचीच वाट आहे, आतून पाण्यातून चालावं आणि मध्ये पोहावं लागतं. वर पाऊस पडला की आत पाणी चढायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात ती बंद ठेवतात, आणि बंद नसली तरी मेमध्ये मुलांना तिथे नेऊ नये.

रानवाट
गुहेबद्दल पूर्ण सहमत, तिचं नावही यादीत नको. पण जलाशय वेगळा. चिओ लान म्हणजे रत्चप्रभा धरणाचं पाणी, त्यात तरंगणाऱ्या झोपड्यांत रात्र काढायची आणि पहाटे सहाला बोट काढायची. गिबनांची हाक तेव्हाच घुमते, धनेशही तेव्हाच काठावर दिसतात. दुपारी वादळी वारा सुटला की जलाशयावरही लाटा उठतात, म्हणून परतीची बोट सकाळचीच ठेवा. पाण्याबाहेर डोकावणारे बुडालेल्या झाडांचे बुंधे नवख्या चालकाला अंधारात दिसत नाहीत. पायवाटांवर जळवा असतात. गुडघ्यापर्यंतचे जळवामोजे उद्यानाच्या दाराजवळ मिळतात.

आंग थाँगमध्ये वुआ ता लाप बेटाच्या माथ्यावर जाणार असाल तर जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे हवेत. शेवटचा टप्पा दोराला धरून धारदार चुनखडीवर चढायचा आहे. ओल्या खडकावर रबरी चपलेने पाय हमखास सोलतो.

खाडीकाठ
मे अखेर आणि जून तुमचं मान्य, अट एकच: हातात सात दिवस हवेत. पाचच दिवस असतील आणि मेचा पहिला आठवडा असेल तर क्राबीच. फी फीची बोट मात्र पहिल्या मोकळ्या दिवशी घ्या, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. लाटांमुळे रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी जाता येईल.