'मातीचे घर' म्हणजे नेमके कोणते?

प्रश्न : जगभरच्या घरबांधणीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. मुळात वॉटल अँड डॉब, अडोबी, कॉब आणि रॅम्ड अर्थ असे चार शब्द आलेत आणि माझ्या मसुद्यात चारही जागी 'मातीचे घर' पडले आहे. वाचताना सगळी घरे सारखीच वाटतात. यांना मराठीत वेगळे शब्द आहेत का, की घडवावे लागतील?

उत्तर १ : पहिल्याला तर तयार शब्द आहे : कूड. काठ्या किंवा बांबूच्या कामट्या विणायच्या आणि वर माती लिंपायची. इथे छपराचा भार लाकडी खांबांवर असतो, माती फक्त वारा अडवते. बाकीच्या तिन्ही प्रकारांत भार मातीच पेलते. त्यामुळे तुमच्या चार जागांपैकी 'मातीचे घर' हे नाव सगळ्यात कमी शोभते ते याच जागी. तिथे निःशंक 'कुडाचे घर' लिहा.

या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो. संस्कृतात 'कुड्य' म्हणजे भिंत. पालीत 'कुड्ड' विटेचा, दगडाचा किंवा लाकडाचा, कसलाही असू शकतो. मराठीत मात्र 'कूड' विणलेल्या, लिंपलेल्या भिंतीपुरता उरला आणि बाकी सगळे 'भिंत'कडे गेले. 'भिंत' आली 'भित्ति'वरून, आणि 'भित्ति'चा संस्कृत कोशांतला एक अर्थ आहे चिरलेल्या बोरूंची चटई! म्हणजे हीसुद्धा विणकामाच्या शेजारचीच.

जर्मनमध्येही अशीच जोडी आहे. तिथे भिंतीला 'वांड' आणि 'माउअर' असे दोन शब्द. 'वांड' गुंडाळणे, वळणे या अर्थाच्या धातूपासून आला, म्हणजे मुळात तो कूडच. दगडी भिंतीचा 'माउअर' लॅटिन 'मुरुस'वरून घेतलेला. खिडकी, कौल आणि चुना यांचे जर्मन शब्दही लॅटिनमधूनच आले, कारण दगडचुन्याचे बांधकाम तिकडे रोमनांकडून गेले. साहित्य आले ते आपली नावे घेऊनच आले.

उत्तर २ : अडोबीला 'कच्ची वीट' पुरे : माती आणि गवत कालवून, साच्यात पाडून उन्हात वाळवलेली. 'कच्ची' म्हणजे न भाजलेली एवढेच, तकलादू नव्हे, हे लेखात एकदा सांगून टाका. येमेनमधल्या शिबामची सात मजल्यांपर्यंत चढलेली घरे कच्च्या विटांचीच आहेत.

शब्द स्वतः मोठा फिरस्ता आहे. प्राचीन इजिप्तमधला विटेचा शब्द कॉप्टिकमध्ये 'तोबे' झाला, अरबीत 'अत्-तूब', स्पॅनिशमध्ये 'अदोबे', आणि स्पॅनिशांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचला. न्यू मेक्सिकोतले पुएब्लो लोक मातीची घरे त्याआधीही बांधत होते, पण ओली माती हाताने थरावर थर चढवून. साच्यातली वीट नंतर आली. आता दोन्हींना सरसकट अडोबी म्हणतात. तुमच्या लेखात त्या घरांचा उल्लेख असेल तर कोणत्या काळातली भिंत आहे ते बघूनच 'वीट' लिहा.

कॉबसाठी एकच नेमका शब्द मला सुचत नाही. गवत मिसळलेल्या ओल्या मातीचा एक थर चढवायचा, तो सुकू द्यायचा, मग पुढचा. वीट नाही, साचा नाही. एकदा हे वर्णन द्यावे आणि पुढे 'थराची भिंत' म्हणावे.

प्रश्न : आणि रॅम्ड अर्थ? 'धुमसाने ठोकलेली' म्हणून 'धुमसलेली माती' चालेल?

उत्तर १ : धुमस हे अवजार बरोबर आहे, पण 'धुमसलेली' म्हटले की वाचकाला धूरच दिसणार. 'चोपलेली' जमिनीला शोभते. इथे दोन फळ्यांच्या मध्ये जेमतेम ओलसर माती भरून ती गच्च बसवतात, मग फळ्या वर सरकवतात. यासाठी आपला शब्द 'ठासणे'. 'ठासणीची बंदूक' ठाऊक असलेल्याला 'ठासलेल्या मातीची भिंत' समजावून सांगावी लागणार नाही. चीनमधल्या फूजियानमध्ये हाक्का लोकांच्या प्रचंड गोल वसतिवाड्या आहेत, तुलोऊ. त्यांच्या बाहेरच्या भिंती अशाच.

प्रश्न : खूप आभार, चारही जागा सुटल्या. आता त्याच लेखात इग्लूला मी 'बर्फाच्या विटांचे घर' लिहिले आहे, तेही तपासायला हवे असे वाटू लागलेय.

उत्तर २ : हवेच. एक तर इनुइट भाषेत 'इग्लू' म्हणजे कुठलेही घर, लाकडाचेसुद्धा. दुसरे, 'बर्फ' म्हटले की आपल्याला पाणी गोठून झालेली काचेसारखी लादी आठवते. ते ठोकळे वाऱ्याने दाबून घट्ट झालेल्या हिमाचे असतात आणि त्यात अडकलेल्या हवेमुळेच आतली ऊब टिकते. लादीच्या बर्फाने तेवढी टिकणार नाही. 'हिमाच्या ठोकळ्यांचे घर' लिहा.