सेवागटासाठी रद्दी गोळा करून ८,००० रुपये उभे राहतील का?

नववी_क_सेवागट
नमस्कार. आम्ही नववीतले २२ जण आहोत. आमच्या बाई गटाच्या प्रमुख आहेत. गावाबाहेरच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे, तिथे ३१ मुलं आहेत. त्यांच्यासाठी वाचनकोपरा करायचा आहे आणि खर्च साधारण ८,००० रुपये येईल. घरोघर वर्गणी मागायला मुख्याध्यापकांनी मनाई केली आहे. म्हणून रद्दी गोळा करायची आणि आनंद मेळाव्यात भेळेचा स्टॉल लावायचा, असं ठरतंय. इथे वर्तमानपत्राच्या रद्दीला किलोला १२ रुपये मिळतात. किती घरं धरावीत? हिशेब कसा ठेवावा? आणखी एक अडचण आहे. सहा जणांना रविवारी क्लास असतो आणि चार मुलींना लांबच्या गल्ल्यांत फिरायची परवानगी नाही. हे दहा जण आत्ताच बाजूला पडल्यासारखे वाटताहेत.

गठ्ठा_सुतळी
आधी वजनाचा अंदाज घ्या. वर्तमानपत्राचा चार पानांचा एक पूर्ण कागद साधारण १७ ग्रॅम भरतो. म्हणजे १२ पानी अंक ५० ग्रॅमचा आणि महिन्याची रद्दी दीड किलो. अडीच महिन्यांची साठली असेल तर एका घरातून चार किलो येतात. १६५ घरांना सांगितलंत तर ११० घरं देतील असं धरा, कारण बऱ्याच घरी आता पेपरच येत नाही. ११० गुणिले ४ म्हणजे ४४० किलो, त्याचे ५,२८० रुपये. एका फेरीत ८,००० होणार नाहीत. दोन फेऱ्या ठेवा, पहिली दिवाळीच्या आधी आणि दुसरी जानेवारीत.

पहिल्या फेरीची चिठ्ठी घटस्थापनेच्या आधी घरोघर पोचली पाहिजे. दिवाळीची साफसफाई सुरू झाली की लोक रद्दी नेहमीच्या रद्दीवाल्याला देऊन मोकळे होतात, आणि मग तुमच्या हाती काही लागत नाही. चिठ्ठीवर वार, वेळ, शाळेचं नाव आणि पैसे कशासाठी हवेत ते लिहा. 'रद्दी बांधून दाराशी ठेवा' हेही लिहा.

गठ्ठे दहा-दहा किलोचेच बांधा, सुतळी आडवी-उभी दोन्हीकडून घ्या. त्याहून मोठा गठ्ठा नववीच्या मुलांना जिना उतरवत नाही आणि सुतळीही कागद कापत जाते. वर्तमानपत्र, वह्या-पुस्तकं आणि पुठ्ठा यांचे ढीग वेगळे ठेवा. एकत्र दिलंत तर सगळ्याला सर्वांत कमी भाव लागतो. ओला कागद घेऊच नका. एक भिजलेला गठ्ठा दिसला की रद्दीवाला सगळ्या मालावर वजनात कपात मागतो आणि त्याचं चूक नसतं. सुतळी बांधलेला माल व्हरांड्यात फरशीवर न ठेवता बाकांवर ठेवा.

व्यवहार ठरवताना दोन-तीन रद्दीवाल्यांकडून भाव घ्या, आणि टेम्पो त्याचा की तुमचा हे त्याच वेळी विचारून घ्या. ४४० किलो छोट्या हत्तीत एका खेपेत जातात. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते बघा. शिवाय २५ किलोची सीलबंद तांदळाची गोणी आधी काट्यावर ठेवून पाहा. फरक असेल तर तिथेच कळेल.

पावतीपुस्तक
मुख्याध्यापकांचा निर्णय अगदी योग्य आहे. सेवाकार्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायला महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळांनाही ती घ्यावी लागते. कोणी रद्दीसोबत आपणहून शंभराची नोट पुढे केली तर मुलांनी ती घेऊ नये, शाळेच्या कार्यालयाचा पत्ता द्यावा.

रद्दीचे पैसे रोख घेऊ नका, थेट शाळेच्या खात्यात जमा करायला सांगा. शिक्षकांच्या किंवा कोणा पालकाच्या खाजगी क्यूआर कोडवर तर मुळीच नको. हेतू चांगला असला तरी सहा महिन्यांनी ते पैसे वेगळे काढून दाखवता येत नाहीत आणि विनाकारण संशय येतो. एका दोनशेपानी वहीत रकाने आखा : तारीख, गल्ली, गठ्ठे, वजन, भाव, रक्कम. प्रत्येक ओळीखाली दोन विद्यार्थ्यांची आणि बाईंची सही हवी. वजनाची चिठ्ठी त्याच पानाला चिकटवा.

मेळावा_ताई
भेळेतून फार पैसे मिळतील अशी आशा धरू नका. १०० प्लेटींना कुरमुरे ३ किलो, फरसाण २ किलो, बारीक शेव १ किलो, कांदा ४ किलो, बटाटा ३ किलो, टोमॅटो २ किलो लागतात. चिंच अर्धा किलो आणि गूळ पाऊण किलो घेतलात तर चटणी पुरते. प्लेट २५ रुपयांना विकलीत तर खर्च जाऊन आठ-दहा रुपये सुटतात, म्हणजे सगळे मिळून हजाराच्या आत. कुरमुऱ्यांची पिशवी सकाळीच फोडली तर दुपारपर्यंत ते सादळतात आणि भेळ लगदा होते. एका वेळी चार-पाच प्लेटींचीच कालवा. कुपनं आदल्या दिवशी विका, म्हणजे आकडा कळतो आणि माल उरत नाही.

तरी स्टॉल लावाच, कारण तुमच्या त्या दहा जणांसाठी तो महत्त्वाचा आहे. कुपनविक्री आणि खरेदी शाळेच्या वेळेत होते. ज्यांना लांब जाता येत नाही त्या मुलींकडे त्यांच्याच गल्लीतली घरं द्या. आणि वही त्यांच्यापैकी दोघींकडे असू द्या. जो फिरतो त्याचाच गट, असं एकदा झालं की उरलेली मुलं जानेवारीपर्यंत येणंच सोडतात. जोड्या बाईंनी लावाव्यात. मुलांनी लावल्या तर नेहमीचे मित्र एकत्र येतात आणि दोघं-तिघं उरतात.

नववी_क_सेवागट
खूप आभार. दोन फेऱ्या आणि स्टॉल, असं ठरवतो. रद्दीतच गोष्टीची पुस्तकं आली तर ती वस्तीशाळेला द्यावीत का?

पावतीपुस्तक
निवडून द्या. फाटकी, पेनाने रंगवलेली पुस्तकं आणि जुनी गाइडं देऊ नका. त्याआधी एकदा तिथल्या गुरुजींना भेटा आणि कपाट हवंय की पुस्तकं ते विचारा. छोट्या शाळेत कुलपाच्या कपाटात गेलेलं पुस्तक मुलांच्या हातात पडत नाही. भिंतीला मुलांच्या छातीच्या उंचीवर नायलॉनची दोरी बांधून पुस्तकं मधोमध उघडून टांगली तर मुखपृष्ठ दिसतं आणि खर्चही जवळजवळ नाही. वाचलेले पैसे पुस्तकांत घाला. पहिली-दुसरीला ठळक टाइप आणि पानावर दोन-तीन ओळी असलेली निम्मी पुस्तकं घ्या. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स आणि ज्योत्स्ना प्रकाशन यांच्याकडे अशी मराठी पुस्तकं मिळतात. दोरी पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर नको, कोणती भिंत ओलावते ते गुरुजींना माहीत असतं.