हर की दून : चार रात्रींच्या पदभ्रमणात तंबू नदीकाठी लावावा का?

मुलुंडकर
मे महिन्याच्या उत्तरार्धात आम्ही तिघे मित्र उत्तराखंडातील हर की दून खोऱ्यात, सगळे सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन, चार रात्री राहण्याच्या विचारात आहोत. सांकरी, तालुका, ओसला या गावांवरून चढत गेल्यावर शेवटचा मुक्काम सुमारे ३,५०० मीटर उंचीवर येतो. रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट आम्ही कात्राबाई खिंडीतून दोनदा केली आहे; पण दोन्ही गडांवर गुहेत पथारी पसरली की काम भागत असे, तंबूशी कधी संबंध आला नाही. रविवारी सॅक भरून काट्यावर ठेवली, तर १७ किलो भरली. नदीकाठी तंबू लावणे कितपत योग्य आहे आणि वजन कुठे कमी करावे?

डोंबिवलीचा भटक्या
स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझे सलग चार दिवस वाहू नये, असे मी मानतो. उन्हाळ्यात सह्याद्रीत चार-चार लिटर पाणी वाहण्याची आपली सवय इथे सोडावी, कारण वाट बहुतेक नदीच्या सोबतीने जाते. लिटरभर पाणी आणि शुद्धीकरणाच्या गोळ्या पुरतात. तिघांत एकच स्टोव्ह घ्यावा. गॅसचे डबे रेल्वेतून वा विमानातून नेता येत नाहीत, ते डेहराडूनला विकत घ्यावेत. जीन्स घरीच ठेवावी.

दादरकर
पाण्याची सोय म्हणून मी एकदा प्रवाहापासून दहा पावलांवर, सपाट हिरवळ पाहून तंबू ठोकला होता. पहाटे कापडाच्या आतल्या बाजूने थेंब ओघळत होते आणि स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू ओलीचिंब होऊन तिच्यातील पिसांचे गोळे झाले होते. रात्री उतारांवरची थंड, जड हवा घरंगळत खोऱ्याच्या तळाशी साचते आणि तिथे नदीचा दमटपणा असतोच. त्यामुळे काठापासून थोडे वर, देवदारांच्या आडोशाला एखादा टप्पा शोधावा, मात्र डोक्यावर वाळकी फांदी नाही ना हे आधी पाहावे. ओढेही सकाळीच ओलांडावेत. दिवसभर बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढते. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा चार वाजता मांडीपर्यंत आलेला पाहून आम्ही अलीकडच्या काठावरच रात्र काढली होती. पाण्यात उतरताना सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे तोल गेलाच तर सॅक झटकन टाकता येते.

ठाण्याची वाटाडी
जागा निवडणे सर्वस्वी आपल्या हाती नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. हा भाग गोविंद अभयारण्यात येतो आणि प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी लागते. शिवाय २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरील गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली. मुक्कामाच्या जागा आधी विचारून घ्याव्यात, मगच तिकिटे काढावीत.

मुलुंडकर
सर्वांचे आभार. दोन स्टोव्ह, जीन्स आणि जादा बाटल्या काढल्यावर काटा साडेतेरावर आला आहे. तंबूही आता तिघांत वाटला आहे : एकाकडे कापड, दुसऱ्याकडे दांड्या, तिसऱ्याकडे खुंट्या आणि भांडी. तिकिटे काढण्याआधी सोमवारी वनखात्याच्या कार्यालयात फोन करतो.