कोकण रेल्वे: निसर्गरम्य गाडी की बोगद्यांची गाडी?

रूळमोजणी (धागाकर्ता)
देशातल्या सुंदर रेल्वेप्रवासांची यादी कुणीही काढो, कोकण रेल्वे त्यात असतेच, आणि सोबत पानवलच्या पुलाचा तोच तो फोटो. माझं म्हणणं असं की हा मार्ग देखाव्यासाठी आखलेला नाही आणि देखावा बघायला तो तितकासा बराही नाही.

आखणीच बघा. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर ७४१ किमी. चढ जास्तीत जास्त दीडशे मीटरला एक मीटर. वळणाची त्रिज्या १२५० मीटरच्या खाली नाही. वेग धरला ताशी १६० किमी. बोरघाटात सदतीस मीटरला एक मीटर चढ आहे, म्हणून तिथली गाडी डोंगराच्या कडेकडेने वळत जाते आणि दरी बराच वेळ सोबत राहते. कोकणात डोंगराला वळसा घालायची सोयच ठेवली नाही. नद्या सह्याद्रीतून पश्चिमेला उतरतात, रूळ उत्तर-दक्षिण. मग प्रत्येक नदीला पूल, आणि दोन नद्यांमधल्या प्रत्येक सोंडेला बोगदा नाहीतर खोल कटिंग, म्हणजे डोंगर वरून कापून केलेली वाट. ९१ बोगदे, मिळून साधारण ८४ किमी. एकटा करबुडे साडेसहा किमीचा. ताशी १०० ने गेलात तरी चार मिनिटं काळोख.

आणि समुद्र? महाराष्ट्राच्या हद्दीत खिडकीतून तो जवळजवळ दिसतच नाही. जाहिरातीत मात्र लाटा.

घाटपायथा
आकडे बरोबर, निष्कर्ष चुकला. ७४१ पैकी ८४ म्हणजे अकरा टक्के. उरलेल्या एकोणनव्वद टक्क्यांचं काय? बोरघाटातही बोगद्यांची रांगच आहे की, तिथे कुणी तक्रार करत नाही.

तुम्ही म्हणता तो 'नदीला पूल, सोंडेला बोगदा' हा प्रकारच तर या मार्गाची गंमत आहे. उक्षीच्या आसपास बघा: काळोख, मग एकदम रानपाटचा धबधबा, पुन्हा काळोख. रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या आधी पानवलचा पूल येतो, खालचा ओढा ६४ मीटर खोल. तो पूल बांधतानाही दरीत मचाण उभं केलं नाही. पुलाचा वरचा भाग एका टोकाला तुकड्यातुकड्याने ओतायचा आणि जॅकने खांबांवरून पुढे ढकलायचा, असं करत ४२४ मीटर गाठले. डोंगराला वळसा घातला असता तर हा पूलच झाला नसता.

रूळमोजणी
४२४ मीटर. ताशी ७५ ने वीस सेकंद. फोन खिशातून काढेपर्यंत पूल संपतो. आणि रानपाटचा धबधबा तुम्ही पावसाळ्यात म्हणताय. मेमध्ये जाऊन बघा, नुसता काळा कातळ.

एकोणनव्वद टक्क्यांतून कटिंगही वजा करा. बोगदा तरी मोजता येतो. कटिंगमध्ये दोन्ही बाजूंना जांभ्याची भिंत असते आणि वरून लोखंडी जाळी. ते 'उघड्यावर' धरायचं का?

खाडीपूल
तुम्ही दोघंही मडगावलाच थांबलात. बोगदे बहुतेक उत्तरेकडे आहेत. गोव्याच्या पुढे जमीन सपाट होत जाते आणि नद्या समुद्राला मिळताना रुंद होतात. कारवारची काळी, मग गंगावळी, अघनाशिनी आणि होन्नावरची शरावती. शरावतीचा पूल २०६५ मीटरचा, या मार्गावरचा सर्वांत लांब. तिथे सव्वा मिनिट तरी दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि नारळीची बेटं. हा पट्टा बघितल्याशिवाय 'देखावा नाही' म्हणू नका.

अडचण वेळापत्रकाची आहे. मुंबईहून मांडवी एक्स्प्रेस सकाळी निघते आणि संध्याकाळी मडगावला संपते. नेत्रावती दुपारच्या आत निघते, तिला गोवा ओलांडताना रात्र होते. मत्स्यगंधा दुपारी सुटते. तिचं रत्नागिरी-सिंधुदुर्ग अंधारात जातं, पण उडुपीकडे उजाडतं. एकाच गाडीने सगळं दिवसाउजेडी बघता येत नाही. मडगावला मुक्काम करून प्रवास दोन तुकड्यांत करायचा, हाच मार्ग.

घाटपायथा
+१. आणि गंमत म्हणजे होन्नावरचा पट्टा भर दिवसा करणारी गाडी आहे मंगळूर-मडगाव वंदे भारत, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली. सकाळी मंगळूर सोडते, दुपारी मडगाव. 'वेगाने देखावा मारला' म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

गस्तवाला
देखाव्याच्या गप्पांत मूळ गोष्ट राहून जातेय. ती कटिंगची भिंत तुम्हाला दिसते ती अशी का आहे?

मार्ग घाईत झाला. कॉर्पोरेशन १९९० मध्ये स्थापन झालं; केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. श्रीधरन प्रमुख होते. पहिला तुकडा मंगळूर-उडुपी मार्च १९९३ मध्ये सुरू झाला आणि १९९८ मध्ये सगळा मार्ग. शेवटपर्यंत रखडवलं ते पेडण्याच्या बोगद्याने. तिथे कातळ नाही, पाणी लागलं की वाहू लागणारी मऊ माती आहे. खणलेली जागा आधार देण्याआधीच भरून यायची. त्या बोगद्याने पुढेही पिच्छा सोडला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आतली भिंत ढासळली आणि गाड्या पुणे-मिरज-लोंढा मार्गे फिरवल्या. जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल येऊन वाहतूक पुन्हा बंद.

कटिंगचंही तसंच. जांभा वरून टणक दिसतो, त्याच्याखाली पांढरट चिकणमाती. पाऊस जांभ्यातून झिरपतो, चिकणमातीवर अडतो, ती फुगते आणि वरचा थर तिच्यावरून घसरतो. कातळाच्या कटिंगमध्ये फटींत पाणी शिरून धोंडे सुटतात. उतार जितका उभा तितका धोका जास्त, आणि सुरुवातीला बऱ्याच कटिंग उभ्याच ठेवल्या होत्या. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा धोंड्यांमुळे रुळावरून घसरून पुलावरून खाली गेली. त्यानंतर उतार कमी केले, जाळ्या लावल्या, कातळावर सिमेंटचा फवारा मारला, माती धरून ठेवायला गवत लावलं. जाळी डोळ्यांना खुपत असेल, पण ती तिथे आहे म्हणून तुम्ही खिडकीत बसू शकता.

रूळमोजणी
जाळीला माझा विरोध नाही. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. सरळ आखणी, म्हणून खोल कटिंग. खोल कटिंग, म्हणून दरडी. दरडी, म्हणून पावसाळ्यात वेग कमी. मग ताशी १६० साठी डोंगर कापून मिळवलं काय? मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी पावणेआठ तास घेते, पावसाळी वेळापत्रकात सुमारे दहा. आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते, ते वेगळंच.

गस्तवाला
मिळवलं हे की बँकर, म्हणजे चढावर जोडायचं जादा इंजिन, लागत नाही. कॅसलरॉक ते कुळे या उतारावर, म्हणजे दूधसागरच्या घाटात, सदतीसला एक चढ आहे. मालगाडी असो की प्रवासी, जादा इंजिनं जोडा, उतरताना ब्रेक तपासत थांबा. तो देखावा अप्रतिम आहे, कबूल. पण कोकण रेल्वेवरची सगळी वाहतूक तशा घाटातून नेऊन दाखवा. १९९९ पासून कोलाड-वेर्णा रो-रो चालते, भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून. हे दीडशेला एक चढ आहे म्हणूनच परवडतं.

आणि पावसाळी वेळापत्रक हा नामुष्कीचा विषय नाही. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. म्हणजे जवळजवळ पावणेपाच महिन्यांवरून जेमतेम सव्वाचार. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की चालकाला ताशी ४० ची मर्यादा. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवलीपासून उडुपीपर्यंत नऊ स्थानकांवर पर्जन्यमापक. माणगाव-वीरमधली काळी (ही कारवारची नव्हे), वीरजवळची सावित्री आणि चिपळूणजवळची वाशिष्ठी या तिन्ही पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावती या पुलांवर वारा मोजणारी यंत्रं.

खिडकीपास
वा, गस्तवाल्यांनी नकळत देखाव्याचं वेळापत्रकच दिलं. वेग कमी तेव्हाच धबधबे चालू. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा: पाऊस ओसरता, भात पोटरीत आलेलं, ओढे अजून वाहते, आणि गाडी तरीही पावसाळी वेळेवर. मुंबईहून जाताना डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत, उजव्या हाताला खाड्यांची बाजू. उत्तरेकडच्या टप्प्यात डावी खिडकी घ्या, मडगावच्या पुढे उजवी.

पण डबा कोणता यावर कुणीच बोललं नाही. वातानुकूलित डब्याची काच दुहेरी आणि रंगीत. बाहेर उष्ण दमट हवा आणि आत गार, म्हणून पावसाळ्यात काच बाहेरून धुकटते. आतून कितीही पुसा, उपयोग शून्य. स्लीपरची किंवा सेकंड सीटिंगची उघडी खिडकी याबाबतीत राजा. पूर्वी डिझेल इंजिनाचा धूर लांब बोगद्यात डब्यात शिरायचा, म्हणून खिडक्या खाली ओढाव्या लागत. २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरं झालं आणि ती कटकट गेली. विजेच्या खांबांनी पुलावरचे फोटो बिघडले, ही रड मात्र आता चालूच राहणार.

घाटपायथा
विस्टाडोम विसरलात. २०१७ च्या सप्टेंबरपासून जनशताब्दीला आहे: फिरणाऱ्या खुर्च्या, छतालाही काच.

खिडकीपास
विसरलो नाही, मुद्दाम टाळलं. छताला काच बोरघाटात ठीक, कारण तिथे कडा डोक्यावर येतो. कोकणात बघायचं ते खाली आणि बाजूला. छतातून आकाश दिसतं, आणि बोगद्यात आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब. त्या डब्याची खरी किंमत टोकाच्या मोठ्या काचेत आहे, जिथून मागे पळणारे रूळ दिसतात. तीही डबा गाडीच्या अगदी शेवटी असेल तरच.

रूळमोजणी
चला, मी अर्ध पाऊल मागे घेतो. दक्षिणेकडचा पट्टा मी मोजणीत धरला नव्हता, ते चुकलंच. उत्तरेबद्दल मत कायम. पण मग मागणी सरळ आहे: मांडवीसारख्या दिवसाच्या संथ गाडीला काचेचा डबा लावा, शेवटी लावा. वंदे भारतला वाट द्यायला मांडवी तशीही क्रॉसिंगवर थांबतेच. रोहा-वीर सोडलं तर बहुतेक मार्ग एकेरी आहे. ते थांबे तरी सत्कारणी लागतील.

गस्तवाला
'शेवटी लावा' लिहायला सोपं. मडगावला इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं. परतीच्या फेरीत तुमचा शेवटचा डबा इंजिनाला चिकटतो, आणि ती मोठी काच इंजिनाच्या थोबाडाकडे बघत मुंबईला येते. टाळायचं तर प्रत्येक फेरीला तो डबा तोडून, शंटिंग करून दुसऱ्या टोकाला न्यावा लागेल. त्यासाठी मोकळी लाइन हवी, शंटिंगचं इंजिन हवं, पुन्हा जोडल्यावर ब्रेकची तपासणी हवी. दोन्ही टोकांना एकेक काचेचा डबा ठेवायचा म्हटलं तर मांडवीचे दोन साधे डबे काढावे लागतील. कोणते काढायचे तेवढं सांगा. जनरलचे नाही म्हणायचं.