सह्या तिघांच्या, एक निघून गेला. त्याचं भाडं कुणी द्यायचं?

वाळूजचा मामा: बजाजनगरात माझा भाचा दोन मित्रांसोबत राहतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, भाडं 9000, अनामत 30000, सह्या तिघांच्या. एकाला चाकणला नोकरी लागली, तो मध्येच बिऱ्हाड हलवून गेला. मालक उरलेल्या दोघांकडे पूर्ण नऊ हजार मागतात. भाचा म्हणतो, "आमचे तीन-तीन हजार घ्या, बाकीचे त्याच्याकडून." माझं मत स्पष्ट आहे: मालक बरोबर आहेत. करारात मिळून 9000 लिहिलंय, प्रत्येकी 3000 नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 43: अनेकांनी मिळून वचन दिलं आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर कुणाही एकाकडून ते पूर्ण करून घेता येतं. ज्यानं भरलं त्यानं सोबत्यांकडून वाटा वसूल करावा.

परभणीकर: मामा, हे पटत नाही. कंत्राटी कामावरची लेकरं, पगारातून गावाकडं पैसे पाठवतात. पळाला एक अन् भुर्दंड दोघांना? मालकानं त्या पोराकडून चावी घेतली, जाऊ दिलं. तिथंच त्याचा हिशेब करायला पाहिजे होता.

वाळूजचा मामा: कलम 44 वाचा दादा. मालकानं एकाला मोकळं केलं तरी बाकीचे सुटत नाहीत. आणि तो पोरगाही या दोघांच्या देण्यातून सुटत नाही.

सिडकोची घरमालकीण: वरच्या मजल्याच्या भाड्यावर माझा बँकेचा हप्ता जातो. बँक मला विचारत नाही की तिघांपैकी कोण गेला. सोबती त्यांनी निवडला, मी नाही.

लातूरची आई: ताई, पण आमचं काय? माझी लेक नीटच्या तयारीला आहे, सतरा वर्षांची. तिला करार करता येत नाही, म्हणून सही माझी. सोबतच्या मुलीचे वडील निलंग्याचे, त्यांना मी एकदाच भेटले. उद्या ती क्लास सोडून गेली तर तिचंही भाडं मी भरायचं? एजंट फक्त बोट ठेवून म्हणाला, इथं सही करा. "प्रत्येक पालक आपापल्या वाट्यापुरता जबाबदार" एवढं वाक्य करारात घालायला कुणाचं काय जातं?

वाळूजचा मामा: ते वाक्य घालून घ्याच, ताई. कलम 43 ला तेवढी मुभा आहे. मालक मान्य करतील का, हा वेगळा प्रश्न.

नांदेडचा वकील: कराराची नोंदणी झाली आहे का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे नोंदणी ही मालकाची जबाबदारी. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य. मग "तीन-तीन हजार ठरले होते" या म्हणण्याला वजन येतं.

वाळूजचा मामा: नोंदणी झाली आहे, तिघांचे अंगठे आहेत.

नांदेडचा वकील: मग भाच्यानं भाडं बँकेतून भरावं आणि गेलेल्याला त्याच्या वाट्याची लेखी मागणी पाठवावी. दर महिन्याचे यूपीआयचे व्यवहार जपून ठेवा. नवा सोबती आणणार असाल तर मालकाच्या संमतीनं नवा करार करा, नुसतं राहायला बोलावू नका.

परभणीकर: अन् त्याचे अनामतीतले दहा हजार? मालकाकडंच पडलेत ना? आधी तिथून वळते करा, मग पोरांकडं या.

वाळूजचा मामा: मालक म्हणतात, अनामत तिघांची एकत्र आहे, लाइटबिल अन् मोडतोडीसाठी. खोली रिकामी होईपर्यंत हात लावणार नाहीत.

परभणीकर: तर मग त्या दहा हजारांवर पहिला हक्क या दोघांचा, एवढं तरी मालकाकडून लिहून घ्या.

सिडकोची घरमालकीण: हे मी लिहून दिलं असतं. त्या पोराची सही आणा.